दहाव्या रांगेतली सून

"आई येणार नसेल तर मीही येणार नाही!"

मुलीचे हे शब्द दारातून आले आणि सूनबाईच्या हातातली इस्त्री पिवळ्या शर्टाच्या पाठीवर तशीच थबकली… करपट वास नाकात शिरला तेव्हा कुठे ती भानावर आली आणि तिनं चटकन इस्त्री उभी केली. शर्ट वाचला होता, नशीब! आज या घरात कुणाचा हात भाजला असता तर कुणी ढुंकून पाहिलं नसतं. पण पिवळ्या शर्टावर डाग पडला असता तर आकाशपाताळ एक झालं असतं.

"काय म्हणालीस?" बाहेरच्या खोलीतून तिच्या नवऱ्याचा आवाज चढला. बस डेपोत दिवसभर इंजिनांवर ओरडून त्याचा आवाज मुळातच मोठा, त्यात आज सामन्याचा दिवस! "पुन्हा बोल बघू!"

"पुन्हा बोलते! अठरा वर्षांची झालेय मी, बाबा. गल्लीतल्या सगळ्या आया मैदानात जातात. माझीच आई तेवढी दर सामन्याला लाँड्रीत जाते. का? तर म्हणे ती आली की आपण हरतो! शोभतं का हे तुम्हाला?"

"तोंड सांभाळ. आजोबांना ऐकू जाईल."

"जाऊ दे ऐकू!"

अण्णांना ते ऐकू गेलंच होतं. सूनबाईचे सासरे, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, चाळीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेले, खिडकीजवळच्या खुर्चीत ताठ बसले होते. सकाळपासून पोटात अन्नाचा कण नव्हता, कारण पिवळ्यांचा, म्हणजे वस्तीच्या फुटबॉल संघाचा, सामना असला की तो संपेपर्यंत अण्णा काही खात नसत. नातीचं बोलणं ऐकून ते रागावले नाहीत, 'येऊ दे तिला' म्हणाले नाहीत, 'नको' असंही म्हणाले नाहीत. त्यांनी डाव्या बुटाची नाडी सोडली आणि पुन्हा बांधायला घेतली.

ते गप्प राहणंच सूनबाईच्या काळजात रुतलं. एकोणीस वर्षं हेच चाललं होतं! कुणी तिला येऊ नकोस म्हटलं नव्हतं… पण ये असंही कुणी म्हटलं नव्हतं!

बाहेरच्या माणसाला हे सगळं खुळ्यांचा बाजार वाटेल. चेंडूमागे पळणाऱ्या बावीस पोरांपायी घरात एवढा तमाशा? पण त्या वस्तीत राहणाऱ्याला विचारा! तिथं नवा माणूस आला की लोक त्याला नोकरी विचारायच्या आधी विचारत, "तुमची रांग कुठली?" मैदानाच्या पूर्वेला जुनी गॅलरी होती, लाकडी बाकांच्या पंचवीस रांगांची, आणि कोण कुठल्या रांगेत बसतो यावरून माणसाची ओळख ठरे. अण्णांचं घर म्हणजे दहाव्या रांगेवाले. रांगेतल्याच एकानं डेपोत शब्द टाकला म्हणून नवऱ्याला नोकरी लागली. सासूबाई गेल्या तेव्हा महिनाभर या घरात चूल पेटली नव्हती, डबे रांगेतून येत होते. सोमवारी दुकानात, दवाखान्यात, शाळेच्या फाटकाशी बोलणं सुरू व्हायचं ते "काल बघितलंत ना?" इथूनच. ज्याला रांग नाही त्यानं त्या घोळक्यात नुसतं हसऱ्या तोंडानं उभं राहायचं. सूनबाई एकोणीस वर्षं तशीच उभी राहत आली होती.

आणि खेळ तर तिला घरातल्या सगळ्यांपेक्षा जास्त कळत होता! माहेरी पाच भावांच्या पाठची ती एकटी बहीण. पाच भावांना गोलात उभं करायला कुणीतरी लागतंच, आणि ते कुणीतरी म्हणजे घरातलं शेंडेफळ. गुडघे फोडून घेत ती खेळ शिकली होती. स्थळ दहाव्या रांगेतलं आहे एवढं ऐकूनच ती हरखून गेली होती, मुलगा कसा दिसतो हे तिनं नंतर विचारलं.

लग्नानंतर पंधराव्या दिवशी ती घरच्यांबरोबर गॅलरीत गेली. नवी नवरी म्हणून रांगेनं कौतुकानं जागा करून दिली. आणि नेमकं त्याच दिवशी, अगदी शेवटच्या मिनिटाला पिवळ्यांनी गोल खाल्ला, सामना गेला, आणि संघ वरच्या श्रेणीतून खालच्या श्रेणीत फेकला गेला! अण्णा छातीवर हात दाबून बाकावरच कोसळले… इस्पितळाच्या व्हरांड्यात तिचा नवरा भिंतीला डोकं टेकून हमसाहमशी रडत होता. तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला, तेव्हा तो गर्रकन वळला आणि म्हणाला, "तू यायलाच नको होतंस! तुझे पाय लागले आणि सगळं बुडालं!"

पंधरा दिवसांची नवरी ती! त्या एका वाक्यानं तिचं अंतःकरण चिरत गेलं. अण्णा वाचले. मात्र घरात कुणी हसेना, कुणी बोलेना. एके दिवशी अण्णांच्या उशाशी बसून तीच म्हणाली, "अण्णा, मी पुन्हा कधी गॅलरीत पाऊल टाकणार नाही. बघा तुम्ही, आपण जिंकू." तिला वाटलं होतं, ते हात धरून म्हणतील, अगं वेडी की काय तू! पण अण्णांनी डोळे मिटले आणि हळूच मान डोलावली. पुढच्या हंगामाचा पहिलाच सामना पिवळ्यांनी चार गोलांनी मारला, आणि मग काय, शिक्कामोर्तबच झालं! सगळ्या पराभवाचं खापर फोडायला घराला एक डोकं सापडलं होतं. घर शांत राहतंय ना, मग राहू दे माझ्या डोक्यावर… असं म्हणून तिनं ते निमूटपणे सोसलं होतं.

इस्त्री केलेला शर्ट हातात घेऊन सूनबाई मुलीपाशी आली आणि तिला आतल्या खोलीत घेऊन गेली.

"घाल हा. आज नाटकं नकोत."

"आई, तुला वाईट नाही वाटत?"

"वाटतं. खोटं कशाला बोलू?" सूनबाईनं तिच्या केसांवरून हात फिरवला. "पण आज जिंकलो तर एकोणीस वर्षांनी आपण वरच्या श्रेणीत जाऊ. आजोबांचं वय बघ. आजच्या दिवशी त्यांचं मन मोडू नकोस."

"आणि तुझं मन? ते कुणी बघायचं?"

तिनं मुलीच्या कॉलरची घडी नीट केली आणि म्हणाली, "माझ्या वाटच्या दोन आरोळ्या जास्त मार." मग पिशवी उचलून ती घाईघाईनं बाहेर पडली, कारण डोळे भरून आलेले मुलीला दिसू द्यायचे नव्हते.

खरी गोष्ट मात्र त्या घरात कुणालाच ठाऊक नव्हती…

मुलगी शाळेत जायला लागली तेव्हा सूनबाईनं लाँड्रीत नोकरी धरली. त्याच वर्षी पिवळ्यांच्या संघाचे कपडे धुवायचं काम त्या लाँड्रीकडे आलं. सामन्याच्या दिवशी मैदानावर एक बाई हवी होती, फाटलेलं शिवायला, भिजलेलं बदलून द्यायला. मालकानं विचारलं, कोण जाईल? आणि सूनबाईचा हात तिच्या नकळत वर गेला! घरी तिनं एवढंच सांगितलं, "जादा पाळी आहे." पाळी कुठे, कसली, हे कुणी विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही. चौदा वर्षं झाली त्याला. गॅलरीत पाऊल टाकायचं नाही हा शब्द तिनं अक्षरशः पाळला होता, कारण तिची खोली गॅलरीच्या खाली होती!

दोन धुलाई यंत्रं, एक शिलाई मशीन, एक लांब टेबल, आणि जमिनीलगत एक गजांची खिडकी. त्या खिडकीतून मैदानाच्या कोपऱ्यातलं निशाण आणि त्याभोवतालचं हातभर गवत दिसे, बाकी काही नाही. खोलीचे मालक म्हणजे बटणकाका. कुठल्याही कपड्याला जोडीचं बटण शोधून देणारा हा म्हातारा भांडारी तिला टाकेताई म्हणायचा, आणि मग सगळे खेळाडूही तेच म्हणू लागले.

सामना तिला दिसत नसे, पण कळे. पिवळ्यांनी गोल केला की डोक्यावर हजारो पाय नाचत आणि छताची धूळ टेबलावर पडे. समोरच्यांनी केला की अशी शांतता पसरे की नळाची गळती ऐकू येई. आणि उरलेलं सगळं तिला कपडे सांगत. कुणाची शिवण कुठून उसवली, कुणाच्या गुडघ्याला माती आणि कुणाच्या पाठीला, कोण घामानं निथळतोय आणि कोण नुसता हिंडून आलाय… एकदा रात्री जेवताना बापलेकांची जुंपली होती, नऊ नंबर स्वतःच पडला की त्याला पाडलं! "त्याला मागून ओढलं, पाठीची शिवण वीतभर फाटली होती, मीच शिवली," हे शब्द अगदी ओठांवर आले होते तिच्या. तिनं ते घासाबरोबर गिळले आणि विचारलं, "अजून आमटी वाढू का?"

आजच्या सामन्यात मात्र पहिल्या पाऊण तासात नळाची गळती दोनदा ऐकू आली.

"शून्य-दोन," बटणकाका कपाळावर हात मारून म्हणाले. "संपलं! अजून एक वर्ष खाली."

मध्यंतर झालं आणि काढलेल्या शर्टांचा ढीग टेबलावर येऊन पडला. सूनबाई एकेक शर्ट उचलून बघू लागली. चार नंबरचा पिळला तर बादली भरेल, कॉलर ताणून सैल झालेली, डाव्या खांद्यावर गवत. अकराचंही तेच. आणि सात नंबरचा… तिनं तो हातात घेतला, उलटसुलट केला, नाकाशी नेला.

"काका, हे बघा! सात नंबरचा शर्ट कोरडा आहे! म्हणजे सगळा खेळ डाव्या अंगानं चाललाय आणि समोरच्या निळ्यांनी तिकडेच भिंत उभी केलीय. उजवीकडे हा पोरगा मोकळा उभा आहे आणि त्याला कुणी चेंडूच देत नाहीये! तीन सामने झाले, हेच चाललंय. सातला द्या म्हणावं, सातला!"

"ही… ही कोण बोलतेय?"

आवाज दारातून आला होता. सूनबाई वळली आणि तिच्या हातातला शर्ट गळून पडला.

दारात अण्णा उभे होते! चेहरा पांढराफटक, एका बाजूनं तिच्या नवऱ्यानं धरलेले, दुसऱ्या बाजूनं मुलीनं. मागून मैदानावरचा एक सेवक सांगत होता, "गॅलरीत चक्कर आली यांना. शेजारच्या खोलीत खेळाडूला टाके घालतायत, तोवर इथं बसवा, डॉक्टर येतातच."

"आई!" मुलगी किंचाळली. "तू इथं?"

नवरा तिच्याकडे बघतच राहिला. आणि मग, त्याच्याही नकळत, त्याच्या तोंडून शब्द निसटला… "म्हणूनच!"

म्हणूनच! एकच शब्द! एकोणीस वर्षांपूर्वीचा तो व्हरांडा पुन्हा सूनबाईपुढे उभा राहिला. तिनं अण्णांसाठी टॉवेलांचं गाठोडं पुढे सरकवलं.

डॉक्टर आले, नाडी बघितली, छाती तपासली. "सकाळपासून काय खाल्लंय?"

"काही नाही. सामना आहे ना," अण्णा पुटपुटले.

"धन्य आहे! या वयात उपाशीपोटी उन्हात बसून ओरडायचं आणि वर चक्कर का आली म्हणून विचारायचं! हृदय ठणठणीत आहे तुमचं. ही बिस्किटं खा, पाणी प्या." बिस्किटांचा पुडा टेबलावर ठेवून डॉक्टर गेले. अण्णांनी पुड्याला हात लावला नाही.

बटणकाका इतका वेळ एकेकाच्या तोंडाकडे बघत होते. "म्हणूनच म्हणजे काय हो?" त्यांनी नवऱ्याला सरळ विचारलं. "कशाचं म्हणूनच?"

"ही मैदानात आली की आम्ही हरतो," नवरा खाली मान घालून म्हणाला. "आज आलीय, आणि…"

"आज आलीय?" बटणकाका खो खो हसत सुटले. "अहो, ही चौदा वर्षं इथंच आहे! एक सामना चुकवला असेल तर माझी मिशी उतरवा! ताप असताना आलीय. सात वर्षांपूर्वी आपण करंडक जिंकला ना, त्या दिवशी कप्तानाची पँट मध्यंतरात फाटली, ती कुणी शिवली? टाकेताईनं! लागोपाठ अकरा सामने जिंकलो, तेव्हा ही कुठं होती? याच स्टुलावर!"

नवरा मटकन खाली बसला. करंडक… अकरा सामने… ज्या ज्या विजयाचं श्रेय त्यांनी तिच्या नसण्याला दिलं होतं, त्या प्रत्येक विजयाला ती डोक्याखालच्या खोलीत सुई घेऊन बसलेली होती!

"सूनबाई," अण्णांनी विचारलं. "करंडकाचा तो शेवटचा गोल… तू बघितलास?"

"नाही, अण्णा."

"इथं होतीस ना?"

"होते. पण इथून फक्त कोपऱ्यातलं निशाण दिसतं."

अण्णांनी मान वळवून त्या गजांच्या खिडकीकडे पाहिलं. निशाण आणि हातभर गवत… मग त्या म्हाताऱ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. "चौदा वर्षं! आमच्या पायांखाली बसून चौदा वर्षं… आणि आम्ही वर बसून तुझ्या नसण्याचा आनंद मानत होतो! बसभर माणसं मी सांभाळून नेली गं आयुष्यभर, आणि घरातलंच माणूस थांब्यावर सोडून दिलं!"

"असं नका म्हणू, अण्णा…"

"चल. ऊठ. वर चल!"

सूनबाई दोन पावलं मागे सरली. मैदानावर शिट्टी वाजली होती, उत्तरार्ध सुरू झाला होता. "नको. शून्य-दोन आहे. मी वर आले आणि हरलो तर? एक पराभव मी एकोणीस वर्षं वागवला. दुसरा नाही झेपणार मला! आणि उद्या जिंकलो म्हणून मला जवळ करायचं असेल, तर तेही नको." आता ती थांबणार नव्हती. "काय बोलायचं ते आत्ता बोला. निकाल लागायच्या आधी बोला!"

मग तिचा नवरा उठला. डेपोत दहा जणांवर ओरडणारा तो माणूस तिच्यासमोर शाळेतल्या पोरासारखा उभा राहिला.

"त्या दिवशी मी घाबरलो होतो," तो म्हणाला. "वाटलं, अण्णा जाणार. कुणावर तरी राग काढायचा होता. संघावर काढवत नव्हता, देवावर काढवत नव्हता… आणि तू आमच्यात सगळ्यांत नवी होतीस. दुसऱ्या दिवशीच कळलं होतं मला, मी काय बोलून बसलो ते. पण तू स्वतःच म्हणालीस, मी येणार नाही, आणि मला ते सोयीचं पडलं. एकोणीस वर्षं सोयीचं पडलं गं! माफ कर म्हणायलासुद्धा तोंड नाही मला."

"मला माफी नकोय," ती रडत रडतच म्हणाली. "मला सामना बघायचाय!"

मुलगी रडता रडता फस्सकन हसली. अण्णांनी बिस्किटांचा पुडा फोडला, दोन बिस्किटं एकदम तोंडात कोंबली आणि भरल्या तोंडानं गरजले, "ऐकलंत ना? तिला सामना बघायचाय! चला!" सामना चालू असताना अण्णांनी काही खाल्लेलं त्या घरानं आजवर पाहिलं नव्हतं. नवरा थक्क होऊन बघत राहिला, मग त्यानंही एक बिस्किट उचललं.

बटणकाकांनी टेबलावरची सुई उचलली. "जा, टाकेताई. आज फाटलं तर मी शिवतो, वेडंवाकडं का होईना."

गॅलरीच्या पायऱ्या चढून ती वर आली आणि जागीच खिळली. केवढं मोठं होतं ते मैदान! एवढं हिरवं, एवढं उघडं… भिरभिरत्या डोळ्यांनी ती या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहत राहिली. एकोणीस वर्षांनी तिला दोन्ही गोल एकाच वेळी दिसत होते!

"सरका," अण्णा दहाव्या रांगेला म्हणाले.

रांगेनं आधी अण्णांकडे पाहिलं, मग सूनबाईकडे. मागच्या बाकावरचे पोस्टमन हे अण्णांचे तीस वर्षांचे स्नेही. ते पुढे वाकून हळूच म्हणाले, "अण्णा, आज? दुसरा कुठला दिवस नव्हता का?"

"सरका म्हटलं ना!" अण्णा ओरडले, आणि बाक करकरला. माणसं इंचाइंचानं सरकली आणि दहाव्या रांगेत एका माणसाची जागा झाली.

पहिली पाच मिनिटं सूनबाई हात मांडीवर घट्ट दाबून बसली. चेंडू पुन्हा डावीकडे, पुन्हा निळ्यांच्या भिंतीवर… आणि उजवीकडे तो सात नंबरचा पोरगा दोन्ही हात वर करून उभा! ती ताडकन उठली.

"सातला द्या!"

आजूबाजूच्या माना वळल्या. तिला त्याचं भान नव्हतं. "अरे, सातला द्या! सातला!"

"सातला द्या!" मुलगी तिच्याबरोबर उभी राहिली. मग नवरा, डेपोचा तो दणदणीत आवाज. मग अण्णा. मग कुणीतरी म्हणालं, खरंच की रे, तो मोकळाच आहे! आणि बघता बघता दहावी रांग, अकरावी, पंधरावी, अख्खी पूर्व गॅलरी एका सुरात दणाणू लागली, "सातला द्या! सातला द्या!" ते खाली ऐकू गेलं, की प्रशिक्षकालाच सुबुद्धी झाली, देव जाणे. पण चेंडू उजवीकडे आला. सातनं एकाला चकवलं, दुसऱ्याला मागे टाकलं, चेंडू आत मारला आणि नऊ नंबरनं डोकं घातलं… गोल! दहा मिनिटांत दुसरा गोल! दोन-दोन!

पण बरोबरी पुरणार नव्हती. बरोबरी झाली तर निळे वर जाणार होते. सहा मिनिटं उरली असताना निळ्यांचा एक फटका सगळ्यांना चुकवून थेट खांबावर आदळला. गॅलरीचा श्वास अडकला, आणि त्या शांततेत पोस्टमनचे शब्द स्पष्ट ऐकू आले, "म्हणत होतो मी… आज आणायला नको होतं हिला."

सूनबाईचा चेहरा उतरला. ती खाली बसू लागली. तेवढ्यात एका हातानं तिला दंडाला धरून उभं ठेवलं.

"माझी बायको आहे ती," तिचा नवरा मागे वळून म्हणाला, आणि रांगेतल्या प्रत्येकाला ऐकू जाईल असंच म्हणाला. "काय बोलायचं ते माझ्याशी बोला. आज हरलो, तर संघ खराब खेळला म्हणून हरलो. तिच्याकडे कुणी बोट दाखवलं तर गाठ माझ्याशी आहे!"

पोस्टमन चपापून मागे सरकले. सूनबाईला मैदान धूसर दिसू लागलं. तिनं पदरानं डोळे पुसले… बोलला होता तो! निकाल लागायच्या आधी, सगळ्या रांगेसमोर! आता पुढे काहीही होवो, असं तिला वाटलं. आणि लगेच वाटलं, छे, काहीही काय, जिंकलंच पाहिजे!

शेवटच्या मिनिटाला चेंडू पुन्हा सातकडे आला. निळ्यांचा गोलकीपर आत येणारा चेंडू अडवायला दोन पावलं पुढे सरकला, आणि माहेरच्या गोलात उभं राहून मोठ्या झालेल्या त्या बाईला ते सगळ्यांच्या आधी दिसलं. "आत नको! मार! वरून मार!" ती बेंबीच्या देठापासून ओरडली. सातनं मान वर केली, गोलकीपरकडे पाहिलं आणि चेंडू उचलला… तो गोलकीपरच्या बोटांवरून गेला, खाली वळला आणि जाळीत पडला!

त्यानंतरचं कुणालाच धड आठवत नाही. बाक हादरत होते, अनोळखी माणसं गळ्यात पडत होती, मुलगी आईच्या कमरेला मिठी मारून उड्या मारत होती. शिट्टी वाजली. तीन-दोन! एकोणीस वर्षांनी पिवळे वरच्या श्रेणीत गेले होते! अण्णा दोन्ही हातांत सूनबाईचा चेहरा धरून एकच विचारत होते, "हा गोल बघितलास ना? हा तरी बघितलास ना, पोरी?"

"बघितला, अण्णा! सगळा बघितला!"

पोस्टमन गर्दीतून वाट काढत पुढे आले. त्यांचे डोळे पाणावले होते. "सूनबाई, चुकलो मी! काय तुमचा पायगुण! आता दर सामन्याला तुम्ही इथं पाहिजेच बघा, तुमच्याशिवाय आम्ही…"

"ए, खबरदार!" अण्णा असे गरजले की चार रांगा वळून पाहू लागल्या. "पायगुणाचं नाव काढायचं नाही! खाली अकरा पोरं जिवाच्या आकांतानं पळाली म्हणून जिंकलो. तिच्या पायांवर ना हार टाकायची, ना जीत टाकायची. ती या घरची आहे म्हणून इथं बसेल, बस्स!"

"आणि पुढच्या सामन्याला हरलो, तरी इथंच बसणार आहे!" सूनबाई म्हणाली.

तिचा आवाज पार बसला होता. तरी तो दहाव्या रांगेच्या शेवटच्या माणसापर्यंत पोचला, आणि तिथून कुणीतरी मोठ्यानं ओरडलं, "बसा की हो, कोण उठवतंय तुम्हाला!"